इतर हक्क

सातबाऱ्यावर माशांचं नाव नसतं.
मी बघितलं, चावडीत, तलाठ्याच्या कुरकुरत्या पंख्याखाली:
मुंगसे गेनू कोंडिबा,
विहीर एक, आंबे चार, सोसायटीचा बोजा.
'इतर हक्क' या रकान्यात
शेजाऱ्याची पायवाट तेवढी.

शेताच्या पायथ्याशी भामा नदी
आणि तिच्यातला रांजणडोह.
यमुनाबाई तारूच्या सासऱ्याच्या वेळी
सात पुरुष पाणी होतं म्हणे.
तिनं बोटं मोजली,
खडस, कोळशी, वाम, मळ्या, शिंगाळा,
आणि मूठ मिटली.
"आता जाळ्यात चिलापी. चिलापी आणि चपला."

चाकणच्या रस्त्याला लुंकडशेठची शेड,
तिथं लोखंडावर निकेल चढतं.
त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "ताई,
तुमच्या माशांचं आमच्या ऑर्डरशी काय?"
मी ओढ्याच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली.
त्यांनी ती उचलून ट्यूबलाइटसमोर धरली,
हिरा पारखावा तशी,
आणि त्यांचा चेहरा उतरला.
"हा रंग निकेलचा. हे तर माझे पैसे वाहून चाललेत."
चौथ्या महिन्यात दोन टाक्या वाढल्या,
धुतलेलं पाणी पुन्हा आत फिरू लागलं.
माशांवर माया वगैरे काही नाही.
चालतं.

टेमगिरे लॉन्सवर मात्र खेटे.
लग्नसराईत कोण बोलणार?
आचारी कढया थेट ओढ्यात विसळायचे,
पाण्यावर तेलाची साय, तिच्यात भाताची शितं.
शेवटी सुलोचनाबाईंनीच खड्डा घेतला,
वर कर्दळ लावली, फोटोला बरी दिसते म्हणून.
मग वैशाखातल्या एका रात्री साडेबाराला फोन:
"आज सगळं ओढ्यातच गेलं हो. दोन हजार पान होतं."
एवढंच. ठेवून दिला.
मी अंधारात बसून राहिले.
कुणी आपणहून सांगतं, हे नवीन होतं.

गेनभाऊ नाहीच म्हणत होते.
आम्ही काठ मागत होतो, नऊ फूट:
नांगर नको, तणनाशक नको,
वाळुंज वाढू द्या, करंजाची सावली पडू द्या पाण्यावर.
"नऊ फूट म्हणजे उसाच्या दोन सऱ्या.
भरून देणार?"
देऊ, म्हटलं. निम्मे लुंकडशेठ घालतायत.
"पैशाचं नाही हो. हद्द एकदा सैल सोडली, की…"
ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
मीही केलं नाही.

त्या पावसाळ्यात नदीनं त्यांचा हद्दीचा दगड नेला.
माघात पाणी उतरल्यावर सापडला,
डोहाच्या तोंडाशी, आडवा.
दोर, पहार, दोन गडी, यमुनाबाई कमरेइतक्या पाण्यात.
दगड कलला
आणि त्याच्या पोटाला चिकटलेला मळ्या,
अंगठ्याएवढा, हनुवटी टेकवून,
अर्धा पाण्याबाहेर आला तरी सोडेना.

गेनभाऊ उकिडवे बसले.
"हा सुटत का नाही?"
"त्याला वाटतं, दगड त्याचाच,"
यमुनाबाई म्हणाली, दोरावरचा हात न काढता.

बराच वेळ नुसता पंपाचा आवाज, पलीकडच्या मळ्यातून.
मग, "ठेवा खाली. हळू. पालथा नको."
चपला काढून ते पाण्याच्या कडेला उभे राहिले,
टाचेला अंगठा लावत
चढाकडे पावलं टाकली, मोजत, मोठ्यानं,
आणि थांबले तिथं काठी रोवली.

"आठ," म्हणाले.
"नवव्याचं पुढच्या साली बघू."