डावी चप्पल

शनिवारी साडेपाचला अजनीच्या रेल्वे मैदानावर
आम्ही जमतो, जितके जमतो तितके.
कधी नऊ, कधी तेरा.
एकदा पाचच होतो, तेव्हा शेंगदाणेवाल्याचं पोरगं घेतलं
आणि त्यानंच तीन गोल मारले.

गोलपोस्ट म्हणजे एका बाजूला आयझॅकची बॅग,
तिच्यात गार्डाची शिट्टी आणि दोन झेंड्या,
दुसऱ्या बाजूला माझी डावी चप्पल.
मी कीपर. हौसेनं नाही,
गुडघ्यानं सांगितलं म्हणून.

मे आहे. हेमराज डोक्याला दुपट्टा बांधून खेळतो,
लू लागू नये म्हणून खिशात कांदा.
हेडर मारताना कांदाच आधी उडतो,
मग हेमराज.
नौशाद पन्नाशीतही असा पळतो
जणू मागे कुणी उधारी मागायला लागलंय.

आणि गुणवंत. डाव्या पायाचा.
मार्चमधल्या एका शनिवारी त्यानं खालून एक फटका काढला,
बॉल माझ्या चपलेजवळून गेला.
आतून, तो म्हणाला.
बाहेरून, मी म्हणालो.
आज त्याला अकरा शनिवार झाले.

खेळ संपला की परमिट रूम,
मेडिकल चौकाच्या अलीकडे, कूलरसमोरचं टेबल.
कूलरचे तुषार थेट ग्लासात पडतात,
म्हणून आयझॅक पाणी कमी घालतो.
नौशाद पीत नाही. मसाला सोडा घेतो,
बिलाची वाटणी त्याच्याकडे,
शुद्धीतल्या माणसानं हिशोब करावा असा आमचा ठराव आहे.

झिबल ऑर्डर विचारत नाही.
चण्याची बशी ठेवतो आणि म्हणतो,
"झालं का सुरू?"

झालेलं असतं.
मीठदाणी म्हणजे बॅग, बाटलीचं झाकण म्हणजे चप्पल,
बॉल म्हणजे हेमराजचा कांदा.
गुणवंत बोटानं कांदा ढकलतो, झाकणाच्या आतून.
मी झाकण उचलतो, दोन इंच इकडे ठेवतो.
"इथं होती बे चप्पल."
"इथं? आंधळा आहेस का राजा?"
शेजारच्या टेबलावरचे दोघंही आता मत देतात.
त्यांनी मैदान पाहिलेलंसुद्धा नाही.

साडेनऊला कांदा झिबल घेऊन जातो,
चिरून, लिंबू पिळून परत आणतो.
पुरावा आम्ही खाऊन टाकतो.

निघताना गुणवंत काउंटरवर पार्सल सांगतो,
एक सावजी चिकन हाफ, तीन पोळ्या.
आधी फुल असायचं, आठ पोळ्या.
कोणी विचारत नाही.
झिबल रस्सा दुहेरी पिशवीत बांधतो,
गाठ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारत राहतो.

बाहेर स्कूटरशी मी म्हणालो,
का म्हणालो ते माहीत नाही, दुसऱ्या ग्लासानं असेल,
"होता बे. आतच होता.
मी पायानं चप्पल सरकवतो. दरवेळी.
तुम्ही तिकडे गेले की थोडीशी."

गुणवंत किल्ली शोधत होता. शोधतच राहिला.
"मालूम आहे."
"काय मालूम आहे?"
"चप्पल. सगळ्यायलेच मालूम आहे.
आयझॅक तं मोजते, किती सरकवली म्हणून."

"मंग अकरा हप्ते भांडला काऊन?"

किल्ली सापडली. शर्टाच्याच खिशात.
"नाई तं टेबलावर काय बोललो असतो आपण?"
पार्सल हुकाला अडकवलं, तीन किकमध्ये स्कूटर लागली,
आणि लाल दिवा चौकात वळला.

पुढच्या शनिवारी मी चप्पल ठेवली.
सात पावलं मोजून, जिथं ठरलंय तिथं,
वर एक दगड ठेवला.
पहिल्याच बॉलला, अजून नीट घामही नव्हता आला,
गुणवंत मैदानाच्या मधून ओरडला,
"सरकवली बे यानं! पाहा, पाहा, सरकवली!"

खेळ थांबला.
सगळे चपलेभोवती येऊन उभे राहिले,
कमरेवर हात, वाकून,
आणि आयझॅकनं बॅगेतून शिट्टी काढली.