नसलेल्या बोटांना शेक

प्रश्न चौथा, गुण तीन.
माणसाला जगण्यास सर्वांत कठीण प्रदेश कोणता? सकारण लिहा.

डब्याबरोबर मी वहीही नेली होती
उद्यमबागेत, फौंड्रीच्या फाटकावर,
जिथे बाबा रजिस्टरात ट्रकांचे नंबर लिहितात
आणि कन्नडात सही करतात, पन्नाशीत गिरवून शिकलेली.

आत भट्टी ओतायची वेळ झाली होती.
पत्र्याच्या फटींतून नारिंगी उजेड आला
तसा त्यांनी उजवा बूट काढला, मोजा काढला,
तळवा भिंतीला लावला.
दोन बोटं आहेत. तीन लेहच्या इस्पितळात राहिली.
"जी हाईत ती गप असतात गे," म्हणाले,
"गार लागतंय ते नसलेल्यांना."

मी विचारलं, वाळवंट?
"सावली असती की तितं. आपली सोताची.
खरं तिच्यात आपलंच डोकं घालाय येत नाही."

समुद्र?
"मी मलप्रभेत पवायला शिकलो. गुडघाभर पाण्यात.
समुद्राचं मला काय इचारतीस."

जंगल?
"कणकुंबीत जन्मलेल्याला?
जळवांवर मीठ टाकायचं. झालं जंगल."
हे मी लिहिलं आणि खोडलं.

मग शिरोलीचा ट्रक आला. नंबर. वेळ. सही.
काटा झाला, ट्रक आत गेला,
बाबा परत बसले आणि बराच वेळ
डब्यातली भाकरी नुसती मोडत राहिले.

"वर," म्हणाले.
ते बर्फ म्हणत नाहीत, हिमनदी म्हणत नाहीत.
वर म्हणतात, माळ्यावर म्हणावं तसं.
"वर वारं लई, खरं हवा नाही.
झोप येत नाही, आणि आली की भ्या वाटतंय.
दिवसरात्र रॉकेलचा स्टोव्ह. थुंकी काळी पडती.
तेवढ्या पांढऱ्यात तेवढीच आपली खूण.

"बाळाप्पा हुता माझ्यासंगट, हुक्केरीचा.
एका रात्री त्याला बायकोचं नाव आठवंना.
कन्नडात हुडकलं, मराठीत हुडकलं,
शेवटाला हिंदीत, जसं काय सायबानं इचारलंय.
खिशात तिचं पत्र हुतं,
खरं खिसा उघडायचा तर हातमोजा काढाय पायजे,
आणि हातमोजा काढला तर हात गेला.
मला ठावं हुतं नाव. रोज वाचून दावायचा की पत्र.
म्हणटलं, कस्तुरव्वा.
तर माझ्याकडं असं बघितलंन,
मी त्याची बायको पळवल्यासारखं."

मग?
"मग काय. उतरला खाली.
आता कस्तुरव्वाच फोन उचलती. म्हणती, ह्येंना
कायबी ध्यानात ऱ्हाईत नाही, मीठ सांगावं तर साखर आणत्यात."

भट्टी रिकामी झाली. भिंत निवत गेली.
पाय काढला नाही त्यांनी.
ओठ हलत होते. मला वाटलं जप.
मग ऐकू आलं: आईचं नाव, माझं, धाकट्याचं,
म्हशीचं, बटालियनीतल्या कुणाकुणाचं, कस्तुरव्वा,
मलप्रभा, परत माझं.
पाढे विसरू नयेत म्हणून म्हणावेत तसं.

घरी येऊन मी पुस्तकातलं उत्तर लिहिलं.
अंटार्क्टिका. कारण अत्यंत कमी तापमान,
सोसाट्याचे वारे, वनस्पतींचा अभाव.
बाईंनी अडीच गुण दिले.
पानावर काळा डाग आहे, म्हणून अर्धा कापला.
डाग बाबांच्या अंगठ्याचा,
प्रश्न वाचताना पडलेला.

त्यांना दाखवलं तर पान उजेडाकडे धरून
डाग नखानं खरवडून बघितला. निघाला नाही.
"अर्ध्या गुणानं काय हुतंय गे," म्हणाले,
"माझी तीन बोटं कापली, तरी पास केलंच की."