उंच गाडी

इलाहीनं जुनी स्पोर्ट्स बाइक घेतली,
टाकीवरचा घासलेला पट्टा चाचपत म्हणाला,
"अंबादासभाऊ, हितं झोपत होता की तुम्ही."

झोपायचोच. होटगी रस्त्यावर
हनुवटी टाकीला, कोपरं आत,
एकशे चाळीसला
काटा दिसायचा फक्त. बाभळी नाहीत.

नवी उंच आहे.
सात रस्त्याच्या सिग्नलला
एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर.
पोरं विचारतात, काका, उंट केवढ्याला?

काल नान्नजच्या पुढं डांबर संपलं.
फूटरेस्टवर उभा राहिलो, हळूहळू,
कुसळी गवत गुडघ्यांखालून सरकत गेलं.
लांब एक मान वर आली.
माळढोक असेल,
नाहीतर कुणाचं तरी वाळकं खोड.

इंजिन बंद केलं.
कडक भाकरी मोडली, तिचा आवाज
माळभर ऐकू गेला.
मान हलली नाही.
मीही.