सर्व करांसहित

डल्यूथमधल्या पहिल्या आठवड्यात
मी रात्रीच मोजून ठेवले नव्व्याण्णव सेंट.
पहाटे साडेचार. उणे सहा, त्यांच्या मापानं.
आपल्या मापानं विचारू नका.
पंपावरच्या दुकानाच्या दारात पाटी होती:
कप तुमचा, कॉफी आमची, नव्व्याण्णव सेंट.
कप माझा होता.
एक डॉलर आठ, गल्ल्यावरची डार्लीन म्हणाली.
मी वळून पाटी बघितली.
कर, ती म्हणाली,
बाहेर वारा आहे म्हणावं तसं.

आमच्याकडे दहाच्या बिस्किटपुड्यावरही
मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं:
सर्व करांसहित.
वाणी सुटे नाहीत म्हणून गोळी टेकवेल हातावर,
पण दहाचे दहाच.
इथली किंमत म्हणजे
आमचं काही मागणं नाही म्हणणारे वराकडचे.
खरी यादी निघते सुपारी फुटल्यावर.

(संस्कृतच्या बाई सांगायच्या, कर म्हणजे हात.
ते तेव्हा आठवलं नाही.
आठवलं मार्चमध्ये.)

मागे चार माणसं, बुटांवरचं बर्फ आपटत.
डार्लीननं न बघता एका बोटानं पुढे सरकवलं
दह्याच्या डब्याचं झाकण.
त्यात तांबूस सेंट, काळवंडलेले, कुणाकुणाचे.
घे, म्हणाली. नको असतील तेव्हा टाक.

आरतीच्या ताटात पैसे टाकायचे असतात,
उचललेले मी कुणाला पाहिलं नाही.
कान तापले. नऊ उचलले,
एक परत ठेवला सगळ्यांना दिसेल असा.
घरी डायरीत लिहिलं: झाकण, आठ सेंट, देणे.
दुसऱ्या दिवशी फेडले.
डार्लीन हसली. हनी, याचा हिशोब नसतो.

मग हिशोब कशाचा असतो, ते हळूहळू कळलं.
मी इस्पितळात रक्त काढते.
सुईचा वेगळा, बाटलीचा वेगळा,
अहवाल वाचणाऱ्या, कधीच न दिसणाऱ्या डॉक्टरचा वेगळा.
कागद येत राहतात सहा आठवडे,
दुखणं विसरल्यावरसुद्धा.

आणि हाऊ आर यू.
सुरुवातीला मी उत्तर द्यायचे.
झोप नाही लागली, हीटर वाजतो रात्रभर,
इथवर येईपर्यंत समोरचं माणूस
पुढच्या माणसाला तेच विचारत असायचं.
आता एक गुड ठेवते दाढेखाली, लवंगेसारखा.

मार्चमध्ये कोस्केला आले.
जन्मभर गोदीत लोखंडाची माती भरलेला माणूस,
दंड अजून दोरखंडासारखा.
डावी बाही वर, पट्टा बांधलेला, शीर टम्म.
तेव्हा विचारलं त्यांनी: याचे किती होतील?
मी म्हटलं, माहीत नाही.
खरंच नव्हतं माहीत.
बिलाच्या खिडकीला विचारलं तर ती म्हणते, विमा.
विम्याला विचारलं तर तो म्हणतो,
आधी होऊ दे, मग सांगतो.
ते स्वतःच्या शिरेकडे बघत राहिले,
बाजारात चांगली वस्तू बघून ठेवून द्यावी तसं.
मग स्वतःच पट्टा सोडला.
बाही खाली. मनगटाचं बटण, सावकाश.
हॅव अ गुड वन, म्हणाले.
चांगलं काय, ते इथे सांगत नाहीत.

गुरुवारी पंपावर माझ्यापुढे तेच.
एक डोनट. पाचची नोट.
हाऊ आर यू, डार्लीन.
तक्रार नाही, कोस्केला.
सुट्यातले तीन सेंट त्यांनी
एकेक करून झाकणात सोडले,
आवाज होऊ न देता.
वळले, मी दिसले,
आणि त्यांचा उजवा हात आपोआप
डाव्या बाहीवर गेला.

एक डॉलर आठ.
माझ्या कोटाच्या खिशात आता
मूठभर सेंट असतात, कायम.
मी एक डॉलर ठेवला
आणि आठ झाकणातून घेतले.
त्यातले तीन कोमट होते.

डायरीत मांडले नाहीत.