टक्केटोणपे

दम्माममध्ये, कामगार कचेरीच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं टेबल.
पाटीवर: भाषांतर, टायपिंग, फोटो.
एका पानाचे वीस रियाल.
रेल्वेवाला असला तर पंधरा,
हे पाटीवर नाही.

रोहिदास तायडे बुधवारी आला.
उजवा हात गळ्यातल्या फडक्यात,
डाव्या हातात फाइल, दातांत इकामा.
भुसावळचा. बाप गँगमन, आजा गँगमन.
"आमच्या घरी पयले रूळ आले," म्हणाला,
"मंग भिंती."

हुफुफच्या अलीकडे, एकशे बाराव्या किलोमीटरला
वाळू रुळावर चढली होती. ती रोजच चढते.
काम रात्री, कारण दिवसा लोखंडाला हात लावता येत नाही.
सिमेंटचा स्लीपर साखळीतून निसटला
आणि तीन बोटं खडीत राहिली:
मधलं, अनामिका, करंगळी.
पेशावरचा फोरमन आणि दोन नेपाळी पोरं
टॉर्च घेऊन ओणवी शोधत होती.
मग वारा सुटला.
मग मालगाडीची वेळ झाली.

अर्जाचं चौथं पान.
"वेदनेचं स्वरूप", असा रकाना,
पुढे बोटभर जागा.

कसं दुखतं? मी विचारलं.
सकाळी ठणकते.
एसीत बसलं की सणक जाते, पार कोपरापर्यंत.
रात्री मुंग्या.
"आन् भाऊ, हसू नका,
जे नाही ना, ते करंगळीचं बोट खाजते."

मी दाभोळचा. बावीस वर्षं अरबी लिहितोय.
ठणक्याला शब्द शोधला.
सणकेला शोधला.
दाभोळात आम्ही कशाला काय म्हणायचो तेही आठवून पाहिलं.
शेवटी लिहिलं: अलम.
दुखणं.
बोटभर जागेत तेवढंच मावलं.

तो म्हणाला, बाच्या पायावर रूळ पडला होता,
मी चौथीत होतो तव्हा.
कारकुनानं इचारलं, आंगठा का बोट?
बा म्हणला, आंगठा लिवा सायेब,
आंगठ्याचे जास्ती भेटतात.
भेटले. त्यातून मायची शिलाई मशीन आली.
बा मरेपर्यंत बूट घालूनच झोपला,
कोणी मोजायले आलं तर?

मग माझ्याकडे पाहून, हळूच:
"करंगळीच्या जागी तर्जनी लिवता येईल का?"
आणि ती तर्जनी, धडधाकट,
फडक्यातून बाहेर येऊन
रकान्यावर टेकलेली.
आम्ही दोघं इतके हसलो
की झेरॉक्सवाला मशीन थांबवून बघायला आला.

तिघा डॉक्टरांनी हात उलटापालटा केला,
तक्ता पाहिला, आकडा काढला:
एकोणीस टक्के.

"एकोणीस, पण कशाचे?"
मी साहेबाला विचारलं. साहेब वाईट नव्हता,
त्याने आम्हाला चहा मागवला होता.
म्हणाला, अख्ख्या माणसाचे.
अख्खा माणूस म्हणजे शंभर.

तायडे बोटांवर हिशेब करायला लागला
आणि मधेच थांबला.
मग डाव्या हाताची पेरं धरली.
"टक्के त्यांचे," पुटपुटला, "टोणपे आपले."
हे अरबीत सांगू नका, असंही म्हणाला.
सांगता आलं असतं का मला?

पैसे चार महिन्यांनी आले, पुरते आले,
हे लिहिलंच पाहिजे.
त्याने माझ्यापुढे विसाची नोट ठेवली
आणि पाच परत घेतले नाहीत.

परवा भुसावळहून फोन आला.
पोरीचं नर्सिंगला नाव घातलंय.
हात बरा आहे. पिठाची गिरणी टाकायचं चाललंय.
"फक्त ते करंगळी, भाऊ.
इथं नाही खाजत ते. तिकडंच खाजते,
खडीत.
रात्री दोन वाजता, बरोब्बर,
जशी वरून गाडी जाते."

भुसावळला दोन म्हणजे इथे साडेअकरा.
मालगाड्यांचं वेळापत्रक
स्टेशनातल्या ओळखीच्या माणसाकडे असतं.
मी अजून विचारलेलं नाही.