कर्मचारी वार्ता

ओपीडीच्या जिन्याखाली एक काळा फळा आहे.
मी त्याचा मालक नाही, कक्षसेवक आहे.
अक्षर बरं म्हणून सतरा वर्षांपूर्वी
मेट्रनबाईंनी खडू हातात दिला,
तो अजून कुणी परत मागितला नाही.

वर ठळक : कर्मचारी वार्ता.
खाली मावेल तेवढं.

आज सोमवार. परभणीत सकाळी नऊलाच
पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन,
केसपेपरची रांग सायकल स्टँडपर्यंत,
आणि मी लिहायलोय :
सिस्टर रुबीना पठाण यांची गंगाखेडला बदली.
(त्यांच्या जागी कुणी नाही, हे लिहायचं नसतं.)
वॉर्ड सहाचा पंखा दुरुस्त झाला.
ब्रदर हत्तीअंबीरे यांना मुलगी, आई-बाळ इथंच, पेढे संपले.
प्रयागबाई मावशी एकतीसला निवृत्त;
निरोपाची वर्गणी पन्नास, खिडकी दोनवर.

उरली शेवटची ओळ.
ती शनिवारच्या सत्काराची.

फॉर्मात रकाना होता : उल्लेखनीय कार्य, तीन ओळींत.
इनचार्जबाईंनी पेनाचं टोपण चावलं.
काय लिहायचं?
की लाईट गेल्यावर, जनरेटर खोकत असताना,
कौसल्या लोंढे मोबाईलच्या उजेडात
दोन दिवसांच्या बाळाच्या डोक्यातली शीर शोधते,
एकाच टोचणीत,
आणि मग त्या बाळाला सॉरी म्हणते?
की साठ खाटांच्या वॉर्डात ब्याण्णव बाया असताना
फरशीवर कुणाचं डोकं कुठं आहे
हे तिच्या पायांना अंधारातही ठाऊक असतं?
सेलूच्या म्हातारीनं तिला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या,
तर म्हणाली, घाला आजी,
फक्त सुनेचं सलाईन हलवू नका.

बाईंनी लिहिलं : सेवा समाधानकारक.
दोन ओळी कोऱ्याच राहिल्या.

सभागृहात तिचं नाव तीनदा पुकारलं.
शाल, नारळ, फ्रेम टेबलावर पाहुण्यांसारखे बसून.
मी बोलवायला धावलो.
तिनं लेबर रूमच्या दारातून हातमोजा दाखवला,
मनगटाच्या वरपर्यंत लाल.
"मामा, अशी येऊ का स्टेजवर?"
आतून कुणीतरी आईला हाक मारत होतं.
ती आत गेली.

सत्कार मग मीच घेतला.
फोटोत मीच आहे, डोळे मिटलेला.
नारळाची नाईट ड्युटीत चटणी झाली.
शाल खाट नऊच्या खिडकीला बांधली,
तिथं पश्चिमेचं ऊन बाळंतिणीच्या तोंडावर येतं.
फ्रेम बघून ती एवढंच बोलली :
"कौशल्या लिहिलंय. बापानं स घातला होता,
गुरुजींनी श केला. तुम्ही तरी स लिहा, मामा."

म्हणून आज खडू दाबून लिहिलं :
सिस्टर कौसल्या लोंढे, उत्कृष्ट परिचारिका.
स जरा मोठाच आला.

अकराच्या सुमाराला
निळ्या सदऱ्याचा एक माणूस फळ्याला टेकून झोपला,
मांडीवर रिपोर्टांची पिशवी.
बायकोला पहाटे तीनला आणलं होतं त्यानं, उठवलं नाही.
उठला तेव्हा शेवटची ओळ फळ्यावर नव्हती.
त्याच्या पाठीवर होती, उलटी,
स तेवढा ठळक.

तसाच तो खिडकीवर गेला, चहाच्या गाड्यावर गेला,
पाण्याच्या टाकीपाशी वाकला.
दोनदा वाटलं, हाक मारून झटकावं.
मग तो स्टँडकडं निघाला,
घरून लुगडी आणि भाकरी आणायला.

फळ्यावर जागा झाली होती.
रक्तपेढीतला पोरगा पळत आला :
मामा, बी निगेटिव्ह पाहिजे, तातडीनं, लिहा.
लिहिलं.

दोन वाजता ड्युटी संपवून ती जिन्याशी थांबली.
डबा तसाच, उघडलेला नव्हता.
"नाव पुसलं काय माझं?"
पुसलं नाही, म्हटलं, पाथरीला गेलंय.
तिनं फळा वरून खाली वाचला.
"जाऊ द्या," म्हणाली,
"मला कुठं रजा मिळायलीय,"
आणि रक्तपेढीच्या दिशेनं वळली.