नऊ आणि एक्केचाळीस

एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, आवाज मागून येतो.
पाय दाबला की गप्प असते,
उतारावर पाय काढला की विव्हळते.
मी म्हटलं, मग डिफरन्शल.
त्यांनी पर्समधून वडिलांची वही काढली,
निळी शाई, तिरकी पोर्तुगीज अक्षरं:
मॉरिस, साल चौपन्न,
ऑयतु, क्वारेंत इ त्रेश.
आठ आणि त्रेचाळीस.

एक चाक जमिनीवर, एक जॅकवर, हवेत.
शाफ्टवर खडूची रेघ मारली
आणि हवेतलं चाक दोनदा फिरवलं, सावकाश,
मनात आकडे धरून.
रेघ चारदा वर आली,
पाचव्यांदा यायला निघाली
आणि अर्ध्याच्या जरा पुढे थांबली.
पुन्हा मोजलं. पोराला मोजायला लावलं.
वहीप्रमाणे पाच पूर्ण भरायला हवे होते, वर थोडं.
वही खोटं बोलत नव्हती.
गाडीही नव्हती.

तेल काकवीसारखं उतरलं, गंधकाचा वास,
तळाशी चंदेरी भुकटी: बेअरिंगची साठ वर्षं.
गोळा बाकावर घेतला, रॉकेलने धुतला,
क्राउनच्या कडेवर आकडे उघडे पडले:
नऊ, एक्केचाळीस.
कुणीतरी बदलला होता.

शेजारी पंचाचे तीन ठिपके,
दोन जवळ, एक लांब.

हे ठिपके माझ्या घरच्या कोयत्यावर आहेत,
आडोळीवर आहेत,
आईच्या तांब्याच्या भाणाच्या बुडाशीही.
सगुण चारी सही करत नसे,
त्याला तेवढंच लिहिता यायचं.

बाबा, हे कधी केलंस? कुणाच्या सांगण्यावरून?
चढाची गाडी होती, सपाटीची केलीस.
पात्रांवना कुठे एवढ्या घाईने पोचायचं होतं?
बाईंना माहीत नाही.
त्या तेव्हा तीन वर्षांच्या.
दात हे सांगत नाहीत.

दात एवढंच सांगतात
की नवाला एक्केचाळीस भाग जात नाही,
म्हणून प्रत्येक दात
कधी ना कधी प्रत्येक दाताला भेटतो,
एकाच जोडीने घासत बसत नाही.
हे मला त्यानेच शिकवलं होतं, शिव्या देत,
आणि मी सायकलच्या चेनवर समजलो होतो.

पिनियनच्या मागून शीम निघाली.
बाजारातली नव्हे. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा,
कात्रीने गोल कापलेला,
त्यावर अजून अर्धं पिवळं फूल आणि एक उलटं अक्षर.
मायक्रोमीटर लावला.
ज्याच्याकडे मायक्रोमीटर कधीच नव्हता
त्याचा पत्रा सगळीकडे सारखा.

नवी बेअरिंगं कोल्हापूरहून आली, नऊ दिवसांनी.
शेंदूर तेलात कालवून दातांना फासला,
हाताने फिरवलं, ठसा बघितला:
टाचेकडे सरकलेला.
सुटं केलं. पुन्हा. आता टोकाकडे.
पुन्हा सुटं केलं.
पोरगा म्हणाला, मारुतीच झालाय याचा.
चौथ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध बसला.
मग दोन दातांमधली फट, केसाहून थोडी जास्त.
घट्ट बसवलेलं जळतं, सैल बसवलेलं आपटतं,
हेही त्याचंच.

बाबाची शीम बसली नाही.
नव्या बेअरिंगला ती जाड पडते.
ती त्या वेळेपुरती बरोबर होती,
आणि ती वेळ तेलाबरोबर काढून टाकली मी.
खिशात ठेवली.
परवा शर्ट धुताना बायकोने विचारलं, हे काय फेकू?

बाई म्हणाल्या होत्या, ओरिजिनल करून दे.
मी सांगितलं, आठ-त्रेचाळीस आता मिळत नाही.
हे खरं आहे.
शोधला नाही, हेही खरं आहे.

बोरीच्या पुलावर त्यांनी पाय काढला.
खाली जुवारी, वारा, मागे नुसते टायर.
त्या कान देऊन बसल्या. म्हणाल्या,
"कांयच आयकूंक येना."
मी म्हटलं, "तेंच जाय आशिल्लें."
पुढच्या चढाला गाडी दमली.
दुसऱ्यात टाका, म्हटलं.